मला भ्यायचंय

ऑक्टोबरात काही दिवस कॅलिफोर्नियाच्या ब्युएना पार्क शहरातलं ‘नॉट्स बेरी फार्म’ हे मनोरंजन पार्क लवकर बंद होतं. दिवसभर स्नूपीच्या मागे धावून दमलेली पोरं आईबापांच्या खांद्यावर माना टाकून पार्किंगकडे निघतात आणि त्यांच्या उलट दिशेने तरुण मुलामुलींचे घोळके येऊन फाटकाशी रेंगाळायला लागतात. मधल्या वेळात आत धुराची यंत्रं सुरू झालेली असतात. काळोख पडता पडता फाटक पुन्हा उघडतं. घोस्ट टाउन, म्हणजे जुन्या खाणवस्तीच्या धर्तीवर उभारलेलं तिथलं लाकडी गाव, तोवर धुक्यात बुडून गेलेलं असतं. दुपारी ज्या बाकावर बसून आइस्क्रीम खाल्लं तो बाकही दिसत नाही. मग त्या धुक्यातून कुणीतरी धावत येतं, गुडघ्यांवर अंग झोकून देतं आणि ठिणग्या उडवत, घसरत घसरत थेट आपल्या पायांशी येऊन थांबतं. गुडघ्यांना आणि हातमोज्यांना धातू लावलेला असतो, तो जमिनीवर घासून त्या ठिणग्या उडतात. घसरत येणाऱ्या भुतांची ही रीत याच पार्कातली. पाहुण्यांच्या अंगाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. पण चेहरा इतका जवळ येतो की हात लावायची गरजच उरत नाही. कानावर पडलेली किंचाळी आपलीच होती हे क्षणभराने कळतं आणि लगेच हसू फुटतं.

घाबरून झाल्यानंतरचं ते हसू मला फार आवडतं. ते पोटाच्या तळातून येतं. शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड आपण नकळत घट्ट धरलेला असतो, तो सोडता सोडता येतं. दिवसा त्याच रस्त्यावर आनंदी माणसं खूप दिसतात, पण परकी माणसं एकमेकांकडे बघून अशी हसताना दिसत नाहीत.

या फार्मची गोष्ट मुळात जेवणाची आहे. वॉल्टर नॉट बेरी पिकवायचे आणि रस्त्याच्या कडेला विकायचे. १९३४ साली त्यांच्या पत्नी कॉर्डेलिया यांनी आपल्या लग्नातली चिनी मातीची भांडी बाहेर काढली आणि कोंबडीचं जेवण वाढलं. पहिल्या दिवशी आठ पानं उठली, एका पानाचे ६५ सेंट. त्या चवीपायी पुढे इतकी गर्दी लोटायला लागली, की पाळी येईपर्यंत लोकांचा वेळ जावा म्हणून १९४० मध्ये वॉल्टर यांनी घोस्ट टाउन उभारायला घेतलं. आणि १९७३च्या ऑक्टोबरात, पार्क अजून नॉट कुटुंबाच्याच हातात असताना, तीन रात्री तिथे भुतं उतरली. कुटुंबांच्या पार्कात भयाला जागा असावी का, असा वाद दर हॅलोविनच्या सुमारास आम्हा पालकांमध्ये रंगतो, तेव्हा मला कॉर्डेलियाबाईंची ती ताटं आठवतात. इथलं भय कुणी बाहेरून आणून लादलेलं नाही. जॅम आणि कोंबडीच्या घरातच ते वाढलं, आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ तिथे नांदतं आहे.

तरीही माझी एक तक्रार आहे. रात्रीचा हा कार्यक्रम १३ वर्षांखालच्या मुलांसाठी योग्य नाही, असं पार्क स्वतःच सांगतं. ते बरोबरच आहे. आतल्या भुलभुलैयांमध्ये रक्त आहे, सुरे आहेत, तुटलेली अंगं आहेत. लहानांसाठी दिवसा निराळा कार्यक्रम असतो: वेश करून यायचं, गोळ्या-चॉकलेटं गोळा करायची, हसऱ्या भोपळ्यांशेजारी फोटो काढायचे. चार-पाच वर्षांच्या मुलांना तेवढं पुरतं. माझी लेक दहाची झाली तेव्हा तिने गोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली, घोस्ट टाउनच्या अंगाला, जिथे रात्रीची तयारी चालली होती, तिकडे बघितलं आणि म्हणाली, “आई, हे बाळांचं आहे. मला खरंखरं भ्यायचंय.”

तिला द्यायला त्या पार्काकडे काही नव्हतं. खाली साखर, वर रक्त, मध्ये मोकळी जागा. आणि नऊ ते बारा हे वय तर भयाच्या भुकेचंच. या वयाची मुलं एकमेकांकडे मुक्कामाला जमली की पहिल्यांदा दिवे घालवतात. शाळेच्या कुठल्यातरी बाथरूममध्ये भूत आहे असं ती ठरवतात आणि मग तिथे जोडीनेच जातात. पार्काने, सिनेमाने, घराने त्यांना भय दिलं नाही, तर ती ते मोबाइलवर शोधतात: एकट्याने, पांघरुणाच्या आत, ज्याला आदि-अंत नाही आणि ज्याच्या शेजारी कुणी हसणारं नाही असं भय. म्हणून मला वाटतं, कुटुंबांच्या पार्कांनी आणखी भीतीदायक व्हायला हवं. रक्त वाढवायची गरज नाही. लहानांच्या गोळ्यांनाही हात लावू नये. या मधल्या मुलांसाठी, त्यांच्या आईबापांच्या सोबतीने, खरंखुरं भय तिथे असायला हवं.

मी रत्नागिरीकडची. आमच्या वाडीत शिमग्याला संकासुर यायचा. अंगभर काळे कपडे, काळा मुखवटा, लांब पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरू. खेळ्यांच्या मृदंगाचा आवाज वरच्या वाडीतून यायला लागला, की आम्ही भावंडं माजघरात जाऊन लपायचो आणि तो कुठवर पोचला हे बघायला पुन्हा ओटीवर यायचो. थोरली मुलं खळ्यात उतरून त्याला डिवचायची, मग तो घुंगरं वाजवत त्यांच्या मागे लागायचा. कुणी नारळीच्या आड, कुणी थेट विहिरीपलीकडे. आजी मात्र पदर सारखा करून त्याच काळ्या आकृतीला वाकून नमस्कार करायची, कारण तो नवसाला पावतो. एकाच अंगणात, एकाच वेळी, तो आम्हाला पळवायचा आणि आजीला आशीर्वाद द्यायचा, आणि या दोन्हींत कुणाला काही विसंगत वाटत नसे.

आता मागे वळून पाहताना मला त्या घराची रचना दिसते. माजघरातून नुसतं ऐकायचं, ओटीवरून बघायचं, की खळ्यात उतरून त्याच्यासमोर उभं राहायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी ढकलत नसे, कुणी हिणवत नसे. या वर्षी माजघरात असलेलं पोर पुढच्या वर्षी ओटीच्या खांबाला धरून उभं असे. एखादं पोर चार शिमगे माजघरातच राही, आणि त्याच्यासाठीही दार उघडं असे.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये १९९५ साली दोन गोष्टी सुरू झाल्या. एक ‘मिकीज नॉट-सो-स्केरी हॅलोविन पार्टी’, जी फार भीतीदायक नाही हे नावातच कबूल करते आणि अजूनही दरवर्षी भरते. दुसरी ‘एलियन एन्काउंटर’. त्यात माणसांना गोल दालनात खुर्चीवर बसवून खांद्यांवर दांडे उतरवत, दिवे घालवत, आणि नळीतून सुटलेला परग्रहावरचा प्राणी काळोखात प्रेक्षकांमध्ये फिरू लागे. मानेवर त्याचा गरम श्वास लागे. मुलं ओक्साबोक्शी रडत, पालक तक्रारी करत. २००३ मध्ये ती बंद झाली आणि तिथे पुढे स्टिच नावाच्या खोडकर प्राण्याचा खेळ आला. कुटुंबांच्या पार्कात भय चालत नाही याचा पुरावा म्हणून हे उदाहरण हमखास दिलं जातं. मला त्यात निराळं काही दिसतं: खांद्यावरचे ते दांडे. एकदा बसलं की उठता येत नव्हतं. त्या दालनाला माजघर नव्हतं.

त्यानंतर भय पातळ करत नेण्याकडे डिस्नेचा कल राहिला. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९५५ पासून, पार्क उघडल्या दिवसापासून, स्नो व्हाइटची राइड आहे. तिच्यातल्या चेटकिणीने मुलांच्या पिढ्या घाबरवल्या. १९८३ मध्ये नावातच ‘स्केरी’ घालून पालकांना सावध केलं गेलं, तो मार्ग मला प्रामाणिक वाटतो. २०२१ मध्ये नाव बदललं, रूप बदललं, चेटकीण मागे सरली आणि गोड शेवट पुढे आला. राइड देखणी झाली आहे हे मान्य. पण चेटकिणीशिवाय त्या सुटकेला वजन कुठून येणार? १९६९ पासून तिथे असलेलं ‘हाँटेड मॅन्शन’ अजून टिकून आहे, आणि भय व हसू एका श्वासात कसं द्यावं हे त्याच्याइतकं कुणाला जमलेलं नाही. मधल्या वयाच्या मुलांचं खरं घर तेच. पण एका हवेलीने सगळ्यांची भूक कशी भागावी?

डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भुताच्या घरात शिरणाऱ्या ११० माणसांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणं लावली आणि त्यांना किती भीती वाटली, किती मजा आली, हे विचारलं. २०२० मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. भीती फार कमी तर मजा नाही, फार जास्त तरी मजा नाही, मध्ये कुठेतरी ती सगळ्यात जास्त. मिठाचं गणित हे, स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही पटेल असं. माझ्या लेकीचं प्रमाण तिच्या मैत्रिणीच्या प्रमाणाहून निराळं असणार, हे तर ओघाने आलंच. म्हणून पार्काने एकच काळोख सगळ्यांवर ओतू नये, त्याच्या पायऱ्या कराव्यात.

काही भयं मात्र कुठल्याच पायरीवर नकोत. २०१६ मध्ये नॉट्समध्येच ‘फियर व्हीआर : ५१५०’ नावाचा खेळ आला. ५१५० हा कॅलिफोर्नियाच्या कायद्यातला आकडा. मनाच्या आजाराने स्वतःला किंवा इतरांना धोका होईल अशा अवस्थेतल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध रुग्णालयात ठेवण्याचं ते कलम. आजारी माणसांच्या घरच्यांनी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांनी आवाज उठवला. आधी नावातला आकडा गेला, मग तो खेळच बंद झाला. बरं झालं. वेताळ, चेटकीण, संकासुर यांना भिऊन कुणाचं काही बिघडत नाही. शेजारच्या घरातल्या आजारी मुलाला भ्यायला शिकवलं तर त्या मुलाचं आयुष्य बिघडतं. मुलांना किती घाबरवायचं यावर पालक तासन्‌तास बोलतात, कशाला घाबरवायचं यावर फार थोडं, याची मला चिंता वाटते.

आणि खोटं भय द्यायचं तर त्याखालची जमीन खरी भक्कम हवी. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचरमधल्या ‘हाँटेड कॅसल’ला आग लागली. आत पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. आठ किशोरवयीन मुलं गेली. तेव्हापासून अशा जागांचे नियम कडक झाले. कुठल्याही भुलभुलैयात शिरताना मी आधी बाहेर पडायच्या दारावरचा दिवा शोधते, लेकीलाही शोधायला लावते. त्याने भीतीची गोडी कमी होत नाही.

अमेरिकेतल्या काही पार्कांत ‘नो बू’ नावाचं लुकलुकणारं लॉकेट मिळतं. ते गळ्यात दिसलं की रस्त्यावरची भुतं त्या माणसाला सोडून देतात. कल्पना फार चांगली आहे, पण ते विकत घ्यावं लागतं हे मला खटकतं. ‘आता पुरे’ म्हणायला मुलाला पैसे पडू नयेत. फाटकाशी टोपलीत ठेवावीत, हवं त्याने घालावं, हवं तेव्हा काढून खिशात ठेवावं.

माझ्या लेकीने तिच्या मनातल्या भुलभुलैयाचा आराखडा शाळेच्या वहीत काढला आहे. दिवसाचा कार्यक्रम संपून रात्रीचा सुरू व्हायच्या आधी, दिवेलागणीच्या वेळी तो उघडायचा. लहानांना बंदी, मोठ्यांना मुलांशिवाय प्रवेश नाही. धुकं भरपूर, रक्त अजिबात नाही. प्रत्येक वळणावर बाहेर जायला हिरवं दार, आणि त्या दारातून गेलेल्याला पुढच्या वळणावर पुन्हा आत शिरायची मुभा. ठिणग्या उडवत घसरणारी भुतं तिने ठेवली आहेत, पण त्यांनी हाताच्या अंतरावर थांबायचं. शेवटच्या खोलीबद्दल तिचं म्हणणं अगदी पक्कं आहे. तिथल्या भुताने मुलांकडे बघायचंही नाही, थेट आयांच्या आणि बाबांच्या अंगावर यायचं. मी विचारलं, “का गं?” तर म्हणाली, “तू किंचाळलीस की मी तुझा हात धरणार.”