अर्धा ट्रक जमशेदपूरचा, अर्धा चंद्रपूरचा

प्लास्टिकच्या ट्रकचं किट उघडलं की आत ट्रक नसतो. चौकटींना चिकटलेले शे-दोनशे तुकडे असतात, पिशवीत रबरी टायर असतात आणि कुठला तुकडा कुठे लावायचा ते चित्रांत दाखवणारी पुस्तिका असते. माझं किट १:२४ मापाचं होतं, म्हणजे खऱ्या गाडीचे चोवीस सेंटिमीटर इथे एक. गाडी आजची, युरोपातली, चपट्या तोंडाची. किंमत चंद्रपुरात एका खोलीचं महिन्याचं भाडं होईल एवढी. त्यातून मला १९७०च्या दशकातला, पुढे नाक असलेला टाटा १२१० करायचा होता.

नव्या गाडीच्या किटमधून जुनी गाडी काढायचा हा छंद जगभर आहे. युरोपात कुणी अलीकडच्या व्होल्वोच्या किटवर करवत चालवून जुना एफ ८८ उभा करतो. त्याची निम्मी कामं सोपी असतात. रेझिनमध्ये ओतलेली जुनी केबिन विकत मिळते, कंपनीची रेखाचित्रं मिळतात, संग्रहालयात जाऊन टेप लावता येते. मला १२१०साठी असं काही बाजारात मिळालं नाही. रेखाचित्रांचा प्रश्न तर मुळातच वेगळा, कारण जो भाग मला करायचा होता त्याचं रेखाचित्र कधी कुणी काढलंच नव्हतं.

आपल्या जुन्या ट्रकची गोष्ट अशी आहे. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. १९६९ साली करार संपला, जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला, ‘टी’ आला. १२१० हे नावही जर्मन पद्धतीचंच. बारा म्हणजे मालासकट बारा टन, दहा म्हणजे दहा गुणिले दहा, शंभरेक हॉर्सपॉवर. पण कारखान्यातून बाहेर पडायची ती बहुतेक वेळा अर्धीच गाडी. चेसिस, इंजिन, बोनेट, स्टिअरिंग. त्याच्या मागे काही नाही. ड्रायव्हर तोंडाला दुपट्टा गुंडाळून, कामचलाऊ बैठकीवर बसून, ऊन-पाऊस खात ती शेकडो किलोमीटर चालवत आणायचा. पुढची अर्धी गाडी गावोगावचे सुतार बनवायचे. केबिन, दारं, हौदा, फाळका, सगळं. म्हणजे खरा ट्रकसुद्धा किटच होता, फक्त सोबत पुस्तिका नव्हती.

माझे आजोबा असे बॉडीवाले होते. चंद्रपुरात टिनाची शेड, दोन कारागीर, आणि मदतीला धाकटा मुलगा, म्हणजे माझे काका. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२च्या ऑगस्टमध्ये झाला. पार सिरोंच्यापर्यंत सगळा एकच चांदा. आलापल्लीकडचं सागवान आणि जंगलातला बांबू बल्लारपूरला यायचा, लाकूड डेपोत आणि बांबू कागद कारखान्यात. हे ओढणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या केबिनी आमच्या शेडमध्ये उभ्या राहिल्या. आज त्यातली एकही नाही. आरसी बुकात टाटाचं नाव असतं, मालकाचं असतं, आरटीओचा शिक्का असतो. केबिन कुणी बनवली याला रकानाच नाही. आजोबा गेले, शेड गेली. मापं राहिली ती काकांच्या डोक्यात, तीही वितीत आणि बोटांत. काका आता पंचाहत्तरीचे आहेत. हात थरथरतात, त्यामुळे ते सांगतात आणि मी कापतो.

चेसिसचं काम हिशेबाचं. लांब चेसिसच्या जुन्या टाटात पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर सव्वाचार मीटरच्या आसपास, चोविसाने भागलं की साधारण १७६ मिलिमीटर. माझ्या किटमधलं अंतर त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी, म्हणून मधे कापून तुकडा जोडला. किटचे टायर आजचे, बिनट्यूबचे, रुंद. जुन्या ९.००-२० टायरची उंची एक मीटरच्या थोडी वर, म्हणजे इथे ४२ मिलिमीटर. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणलं. बोनेट प्लास्टिकच्या पत्र्यातून वाकवलं. यात आठ रविवार गेले, पण सांगण्यासारखं फार नाही.

खरी मजा लाकडात. आजोबा केबिनची चौकट सागाची करायचे, म्हणून मॉडेलही सागाचं व्हावं असं कुणालाही वाटेल. पण सागाची छिद्रं मोठी असतात. दोन मिलिमीटरच्या काडीवर ती खऱ्या मापाने बोट जाईल एवढी दिसतात. लाकूड लहान करता येतं, त्याचा पोत नाही. काकांनी हळदूचा तुकडा काढून दिला. पिवळट, एकसारखा, बारीक पोताचा. पूर्वी फण्या याच्याच करत. आणि अगदी बारीक पट्ट्यांना बांबू, आपला मानवेल, कारण तो चिरताना सरळ रेघेत फाटतो. सागाची गाडी हळदूने आणि बांबूने बनवायची, हे मला आवडलं. शेवटी तीही त्याच जंगलातली झाडं.

मोजायला एखादी खरी केबिन हवी होती, म्हणून आष्टीहून आलापल्लीच्या रस्त्याने मोटरसायकलवर फिरलो. या रस्त्यावर आता सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चालतात. कारखान्यातूनच बंद, लोखंडी केबिन घेऊन आलेले. केंद्र सरकारच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी लागतो. ड्रायव्हरच्या बाजूने पाहिलं तर हे उत्तमच झालं. मे महिन्यात इथल्या उन्हात इंजिनाशेजारी बसून बघावं, मग जुन्या केबिनीबद्दल हळवं व्हावं.

एका गावाबाहेर परसबागेच्या कुंपणाला फाटक म्हणून लावलेलं ट्रकचं दार दिसलं. लाकडी चौकट, वरचा पत्रा गेलेला, निळ्या रंगाचे पोपडे. घरच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, “घ्या जी फोटो, पण फाटक लावून घेजा, बकऱ्या शिरतात.” तासभर मापं घेतली. उंची, रुंदी, काच सरकायची खाच, प्रत्येक जोड. मनात एकच, हे आजोबांच्या हातचं असेल का.

संध्याकाळी काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून फोटो पाहिला, कोपऱ्यावर मोठा करून पाहिला.

“हे आपलं नाही,” ते म्हणाले. “इथं खिळा ठोकला हाये. बाबा खिळा नाही ठोकत. जंगलातल्या रस्त्यानं दोन पावसाळ्यात असं दार खुळखुळा होते.”

मग त्यांनी आजोबांचा जोड समजावला. उभ्या लाकडात खाच, आडव्याला जीभ, दोन्हीतून आरपार भोक आणि त्यात सुक्या बांबूची खुंटी. पावसात लाकूड फुगलं की जोड आणखी घट्ट. बोलता बोलता ते दुसऱ्या शेडींवर आले. कुणाची केबिन पुढे झुकलेली, कुणाचं छप्पर गोल, कुणी आरशाची पट्टी नेहमी खाली लावायचा. लांबून येणारी गाडी पाहून हात कुणाचा ते ते ओळखत. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. एका संध्याकाळीत त्यांनी पाच शेडींचे हात सांगितले. मला तोवर सगळे जुने ट्रक सारखेच दिसत.

दाराचं माप मी वापरलं, कारण उंची-रुंदी बोनेटला जुळत होती. जोड मात्र आजोबांचे केले. अर्ध्या मिलिमीटरचं भोक, त्यात बांबूची कुसळासारखी खुंटी, भिंगाखाली. दोन दारं, मागची चौकट आणि छप्पर मिळून अठ्ठावीस जोड. नंबरची पाटी कोरी आहे, कारण ‘एमएच’ येण्याआधीचा कुठलाही खरा नंबर काकांना आठवत नाही आणि खोटा मला टाकायचा नाही.

आता आमचा वाद पत्र्यावरून आहे. चौकटीवर पत्रा चढला की खुंट्या दिसणार नाहीत. डावी बाजू उघडी ठेवावी असं माझं म्हणणं. काका ऐकायला तयार नाहीत. “उघडी गाडी कोण नेईल गा? मालक पैसे नाही देणार,” म्हणतात. मागच्या रविवारी त्यांनी स्वतः पत्र्याचं माप सांगितलं, निळा रंगही निवडून दिला. पत्रा कापून, रंगवून ठेवला आहे. अजून चिकटवलेला नाही.