रोड की स्ट्रीट?

इंग्रजी आपल्याला येतं, अशी माझी भाबडी समजूत होती. लंडनमध्ये एकाच संध्याकाळी ती उतरली.

पुण्याच्या शाळेतल्या एका मित्राने दिवाळीच्या फराळाला बोलावलं होतं. पत्ता घेताना मी वहीत घराचा नंबर आणि पुढे नुसतं 'लिव्हरपूल' एवढंच टिपलं. रोड काय नि स्ट्रीट काय, आपल्याला दोन्ही रस्तेच! लिव्हरपूल स्ट्रीटला जाऊन पाहतो तो भलंमोठं रेल्वे स्टेशन, कचेऱ्या आणि घरी निघालेल्या चाकरमान्यांची झुंबड. चकलीचा वास कुठेच नाही. मित्राचं घर होतं लिव्हरपूल रोडवर, इस्लिंग्टनमध्ये!

पोहोचलो तेव्हा वहिनींनी दुसऱ्यांदा चहा टाकला आणि मित्राने शिकवणी सुरू केली.

"अरे, 'स्ट्रीट' हा शब्द मूळचा लॅटिन. म्हणजे फरसबंदी वाट. 'रोड' हा 'राइड'चा भाऊबंद; आधी त्याचा अर्थ घोड्यावरून जाणं. वाट या अर्थाने तो रुळला सोळाव्या शतकाच्या अखेरीस. तोवर जुन्या लंडनमधल्या वाटांची बारशी उरकली होती."

दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्या जेमतेम चौरस मैलाच्या जुन्या शहरात, 'सिटी'त, हिंडलो. चीपसाइडमधलं 'चीप' म्हणजे स्वस्त नव्हे, तर बाजार. तिथूनच फुटतात ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, वुड स्ट्रीट. मला आपली तांबट आळी, बुरूड आळी आठवली. १६६६ मध्ये पुडिंग लेनमध्ये लागलेल्या आगीने शहराची राख केली. पण नवं शहर बहुतेक जुन्याच वाटांवर उभं राहिलं. नावंही टिकली. १९९४ पर्यंत सिटीत 'रोड' नावाचा एकही रस्ता नव्हता! त्या वर्षी हद्द बदलली आणि गॉसवेल रोडचा काही भाग आत आला.

बाहेर मात्र रोडच रोड. एजवेअर रोड एजवेअरकडे नेतो, तोही जुन्या रोमन वाटेवरून. एकूण काय, स्ट्रीट दोन्ही बाजूंच्या घरादुकानांची आणि रोड पुढल्या गावाचा. आज ही नावं कुठेही सरमिसळ दिसतात, पण बोलण्यात जुना फरक उरला आहे. इंग्रज 'इन द स्ट्रीट' राहतो. 'ऑन द रोड' म्हटलं की तो प्रवासात असतो.

निघताना हे मी मित्राला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "तीस वर्षं मी रोडवरच आहे रे. आळी तिकडेच राहिली."

वहिनींनी काही न बोलता चिवड्याचा पुडा माझ्या हातात ठेवला.