मेंदूतला स्टेंट : सरकारमान्य म्हणजे काय?

‘डॉक्टर, हृदयात बसवतात तसा मेंदूतही स्टेंट बसवून टाका. पैशाची काळजी करू नका.’ पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या मुलांकडून मी हे बऱ्याचदा ऐकतो. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘सरकारमान्य आहे ना?’

मान्यता आहे की नाही हे जरूर विचारा. पण ती कोणत्या पुराव्यावर मिळाली, हेही विचारा.

अमेरिकेचे उदाहरण बघा. मेंदूतील अरुंद झालेल्या रक्तवाहिनीसाठी ‘विंगस्पॅन’ या स्टेंटला तिथल्या एफडीएने २००५ मध्ये मंजुरी दिली. मोजक्याच रुग्णांना लागणाऱ्या उपकरणांसाठी तिथे सवलतीचा नियम आहे. त्यात सुरक्षितता आणि फायद्याची शक्यता दाखवली की पुरते, गुण येतोच हे सिद्ध करावे लागत नाही. या स्टेंटची चाचणी झाली होती ४५ रुग्णांवर, तीही तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता.

पुढे ‘सॅम्प्रिस’ ही मोठी चाचणी झाली. एका गटाला फक्त औषधे दिली : गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या, शिवाय रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवर कडक नियंत्रण. दुसऱ्या गटाला हे सगळे आणि वर स्टेंट. पहिल्या ३० दिवसांत पुन्हा पक्षाघात किंवा मृत्यू औषधांच्या गटात ५.८ टक्के रुग्णांत, तर स्टेंटच्या गटात १४.७ टक्के रुग्णांत आढळला. ४५१ रुग्णांनंतर, २०११ मध्ये, नवीन रुग्ण घेणे थांबवावे लागले. २०१२ मध्ये एफडीएने या स्टेंटचा वापर, औषधे चालू असूनही दोन किंवा अधिक झटके आलेल्या निवडक रुग्णांपुरता मर्यादित केला.

आपल्याकडे २०१८ पासून वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत. जोखमीनुसार उपकरणांचे ए ते डी असे चार वर्ग केले आहेत. परवाना हवाच, पण तुमच्या वडिलांना ते उपकरण लागते का, हे परवाना सांगत नाही.

म्हणून घाई नसेल तेव्हा डॉक्टरांना विचारा : ‘नुसत्या औषधांवर ठेवले तर काय होईल?’

एक मात्र लक्षात ठेवा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही अचानक झाले तर चर्चेत वेळ घालवू नका. सीटी स्कॅनची सोय असलेले मोठे रुग्णालय तातडीने गाठा. अशा वेळी योग्य रुग्णात गुठळी ओढून काढण्याचा उपचार हा वेगळा असतो आणि त्याचा फायदा मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाला आहे.

आणि घरी आल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.