आबांचं ‘बरं’

मिशिगनमधल्या आमच्या गराजमध्ये गेली दोन वर्षं गाडी शिरलेली नाही. तिथे चिरंजीवांचं वाहन आहे: चिखलात, शेतात, कुठेही जाणारी घरगुती एटीव्ही. आमची सौ. तिला ‘ते धूड’ म्हणते.

मी २००१ साली मेकॅनिकलमध्ये एम.एस. करायला इथे आलो आणि पुढे आपल्यातल्या बऱ्याच जणांचं झालं तेच माझं झालं. आयटी! वीस वर्षांत पाना हातात धरला तो फर्निचर जोडण्यापुरता. त्यामुळे चाकाला किती टॉर्क लागेल हे काढायची पाळी आली तेव्हा मनातून गुदगुल्या झाल्या.

या गाडीला गिअरबॉक्स नाही की शाफ्ट नाही. इंजिन पंप फिरवतं आणि पंपाने ढकललेलं तेल नळ्यांमधून चारही चाकांच्या हायड्रॉलिक मोटरींकडे जातं. हिशेब सोपा. घरामागच्या टेकाडाचा चढ २० अंशांचा, दोन माणसांसकट वजन ६०० किलो. चढासाठी २०१० न्यूटन, चिखलाच्या ओढीसाठी अंदाजे ८३०. टायरची त्रिज्या ०.३ मीटर. गुणलं, चारांनी भागलं, दर चाकी २१३ न्यूटन-मीटर. आता मोटर. एका फेऱ्यात तिला लागणारं तेल सीसीमध्ये, गुणिले दाब बारमध्ये, भागिले ६२.८. १२५ सीसी आणि १४० बार धरले तर २७९. घर्षणाबिर्षणापोटी दहा टक्के सोडले तरी २५०. पास! चिरंजीव म्हणाले, “कूल.” सोळाव्या वर्षाच्या मुलाकडून बापाला याहून मोठी पदवी मिळत नाही.

त्या उन्हाळ्यात आबा कोल्हापूरहून आले होते. आयुष्य शिरोली एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये गेलेलं. त्यांनी चष्मा चढवून कागद पाहिला.

“हे २१३ चारी चाकांना सारखंच?”

“हो आबा.”

“बरं.”

आबांचं ‘बरं’ कधीच बरं नसतं, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

शनिवारी पोरगा एकटाच टेकाड चढायला लागला. अर्ध्यावर पुढचं उजवं चाक हलकं झालं आणि चिखल उडवत गरागरा फिरू लागलं. बाकीची तीन क्षणभर थांबली आणि मग गाडी मागे यायला लागली. मी ओरडत राहिलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मेपलच्या बुंध्यावर आपटून ती थांबली. हेल्मेट होतं, फक्त कोपर खरचटलं. सौ. डेकवरून काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रात्री आबा म्हणाले, “उसाची ट्रॉली रुतल्यावर ट्रॅक्टरचं काय हुतं?”

“एक चाक फिरतं, दुसरं ढिम्म.”

“मग?”

“डिफरन्शियल लॉक दाबतात.”

“तुझ्या तेलाला लॉक कुठाय?”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पंप तेल देतो, दाब देत नाही. दाब येतो तो चाकाला होणाऱ्या विरोधातून. चारही मोटरी एकाच वाटेवर जोडलेल्या, त्यामुळे एक चाक हलकं झालं की तेल तिकडे पळतं आणि सगळ्यांचाच दाब पडतो. माझे १४० बार फक्त कागदावर होते. त्याहून वाईट म्हणजे मागे घसरणारी तीन चाकं आपलं तेल त्या मोकळ्या चाकात ढकलत होती. वेगळा ब्रेक आम्ही बसवलाच नव्हता. “तेलच गाडी धरून ठेवेल,” असं पोराला मीच सांगितलं होतं.

“आबा, आधी का नाही बोललात?”

“तू एम.एस. हाईस ना.”

टोमणा नव्हता तो. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले होते. माझ्या कागदावर शंका घेणं त्यांना जड गेलं असणार. मी मात्र त्यांना विचारलंच नव्हतं.

सगळ्यात आधी मागच्या दोन्ही चाकांना हँडब्रेक लावला. चकत्या आबांनी स्वतः घासून बसवल्या. मग एक जुना फ्लो डिव्हायडर मिळाला. तो चारही मोटरींना तेल सारखं वाटून देतो. वळताना टायर जरा घासतात, चालायचंच. टेकाड चढलं, तेव्हा वेग माणसाच्या चालीइतका होता.

ऑक्टोबरमध्ये आबा परत गेले. आता रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो तो नातवाचा. “आजोबा, मागचं सील गळतंय, बघा ना!” माझ्याकडे फोन धरून उभं राहायचं काम आहे, आणि हात हलला तर दोघंही ओरडतात.