तू हितंच थांब

आईला कुठला आजार झालाय ते मी इथं लिहिणार नाही. लिहायला तिनं हो म्हटलं ते याच अटीवर.

भूम तालुक्यातल्या आमच्या गावाहून बार्शीला दवाखान्यात जायचं तर भल्या पहाटे उठावं लागतं. खव्याच्या भट्टीवर दूध पोचतं केल्याशिवाय आई घर सोडत नाही. एसटीत ती सगळं बोलते. सोयाबीनचा भाव, मावशीची नवी सून, म्हशीचं रेडकाला न पाजणं. नंबर पुकारला की मात्र माझ्या मांडीवरची फाईल उचलते, "तू हितंच थांब" म्हणते, आणि आत जाऊन दार लोटून घेते.

यामागं एक जुना दवाखाना आहे. तिथले डॉक्टर भले होते, पण त्यांची नजर सारखी माझ्यावर. झोप लागते का, पोट साफ होतं का, सगळं मला विचारायचे. ती शेजारच्या स्टुलावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "दुखतंय मला, अन् इचारत्यात तुला."

आईच्या उभ्या आयुष्यात लावून घ्यायला दार नव्हतंच. दोन खोल्यांचं घर, सासू-सासरे, दीर. अंघोळ उजाडायच्या आत, दुखणं चुलीपुढं. ज्या बाईला अंगावरचं काही चार भिंतींत बोलायला मिळालं नाही, तिला साठीनंतर एक बंद खोली आणि ऐकणारा माणूस मिळाला, तर तिथं मी तरी कशाला हवा?

बंद दाराआडची तपासणी आमच्या जिल्ह्याला नवी नाही. १९९९ मध्ये टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर, इथल्या गावांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बाया, गावांचे ५२ गट. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. मला त्या आकड्यांपेक्षा ते टेबल दिसतं, ज्यावर डोईचा पदर न ढळू देणारी बाई पहिल्यांदा झोपली असेल. घरातला पुरुष त्या टेबलाशी उभा असता, तर किती जणी आल्या असत्या? माझ्या मते फार थोड्या.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत गोपनीयता हा हक्क आहे. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असतील तर दुसरी बाई हजर असावी, हेही आहे. आई सिस्टरना आधीच सांगते, "तुमी थांबा, ह्याला भाईर ऱ्हाऊ द्या."

बाहेर राहूनही करायला पुष्कळ असतं. उपाशीपोटी रक्त द्यायचंय का ते आदल्या दिवशी विचारून ठेवणं, रांगेत उभं राहणं, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणं लावणं. औषधांच्या पाकिटांवर सिस्टर पेनानं सूर्य आणि चंद्र काढून देतात. आईला अक्षरं लागत नाहीत, ही चित्रं लागतात. गोळ्या तिला समजल्या का, हे मी विचारत नाही. ती घरी पाकिटं चौकटीवर ओळीनं मांडते, चंद्राचं पाकीट उशाशी नेते. त्यावरून कळतं.

काळजी वाटते, नाही कशी वाटणार? आत काही गंभीर सांगितलं आणि ती ते गिळून बसली तर, हे भय परतीच्या एसटीत छातीवर बसतं. त्यावर आम्ही एक करार केलाय. ताप चढला, चक्कर आली, अन्न पोटात ठरेना झालं, तर तिनं मला लगेच सांगायचं. डॉक्टरांना मला काही सांगावंसं वाटलं तर त्यांनी तिच्यासमोर, तिला विचारून सांगायचं. माझा नंबर फाईलच्या पहिल्या पानावर तिनं स्वतः लिहवून घेतला. बाकीचं ती तिच्या सवडीनं सांगते; कधी भाकरी थापताना अर्धं, कधी आठवड्यानं उरलेलं.

आता घरी फोन सुरू झालेत. मामा, चुलते, मुंबईची आत्या. "काय निघालं रं?" मी "आईला देतो" म्हणतो आणि फोन तिच्या हातात ठेवतो. मामाला ती म्हणते, बरं हाय. चुलत्यांना म्हणते, डॉक्टरला इचारा. आत्याशी मात्र फोन घेऊन गोठ्याकडं जाते आणि तासभर बोलते.