पाळी चुकण्याआधी

पाळी चुकते, पट्टीवर दोन रेघा उमटतात आणि मग जोडपं डॉक्टरांकडे येतं. आपल्याकडे हाच क्रम रूढ आहे. पण गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पहिल्या सोनोग्राफीची तारीख ठरेपर्यंत हा टप्पा उलटून गेलेला असतो. म्हणून माझ्या पेशंटना मी सांगत असतो : चान्स घ्यायचं ठरलं की तीन महिने आधी या, आणि दोघं या.

ती नलिका नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून ते पहिले तीन महिने पुरे होईपर्यंत. आधीच्या बाळात मज्जानलिकेचा दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर मात्रा वाढवावी लागते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. असं बाळ आधी झालेल्या स्त्रियांना जास्त मात्रेत फॉलिक ॲसिड दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. या जीवनसत्त्वाचा माग मात्र मुंबईत लागला. लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये इथे आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयामागचं कारण शोधू लागल्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक फोलेट, म्हणजे हेच जीवनसत्त्व, होता, हे पुढे उलगडलं.

पहिल्या भेटीला येताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगतो आणि ती टेबलावर मांडून एकेक पाकीट वाचतो. मुरुमांसाठी घेतलेलं आयसोट्रेटिनॉइन, फिट्ससाठीचं सोडियम व्हॅल्प्रोएट, रक्तदाबाच्या काही गोळ्या गर्भाला अपाय करतात. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नसतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच बदलून घ्यायची असतात. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, शक्यतो ६.५ च्या खाली आणूनच पुढे जायचं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं. रुबेलाची लस राहिली असेल तर ती घेऊन महिनाभर थांबायचं. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम २०१८ मध्ये झाली, तेव्हा त्याआधीच शाळा संपलेल्या बऱ्याच मुली या लशीविना राहिल्या.

नवऱ्याला बाहेर बाकावर बसू देत नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात; तंबाखू, गुटखा, सिगारेट आज सोडली तर फळ तेवढ्या काळाने दिसतं. जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर शुक्राणूंची निर्मितीच थांबवू शकतात, हे तगड्या तरुणांना ठाऊक नसतं. मूल व्हायला अडचण येणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं. तरीही सुनेच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर मुलाचं वीर्य तपासायचं का, हा प्रश्न घरात निघतो. ही तपासणी साधी, स्वस्त आणि बिनदुखाची आहे. तपासण्या सुरू करताना ती सुरुवातीलाच व्हायला हवी. एरवी वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर, आणि तिने पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनी, तपासण्यांकडे वळावं. त्याआधी सासूबाई कितीही घाई करोत, जोडप्याने निश्चिंत असावं.

याच भेटीत तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोलतो. मूल तिला आत्ता हवंय का? आधीचा एखादा गर्भपात घरात कुणाला न सांगितलेला आहे का? घरात मारहाण होते का? सासूबाईंचा रक्तदाबही मीच तपासतो आणि नणंदेचं बाळंतपणही मला ठाऊक असतं, त्यामुळे ती आधी अडखळते. एकीचं बोलणं दुसरीच्या कानावर जाणार नाही, हा शब्द फॅमिली डॉक्टरने प्रत्येक वेळी नव्याने द्यायचा असतो आणि पाळायचा असतो.

एक तपासणी मात्र तीन महिने आधीही उशिराच म्हणायची. थॅलेसेमियाचा किंवा सिकलसेलचा वाहक धडधाकट असतो, त्याला काही जाणवतही नाही. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. सिंधी, पंजाबी, कच्छी घरांत थॅलेसेमिया, तर विदर्भ आणि नंदुरबार भागात सिकलसेल जास्त आढळतो. हिमोग्लोबिनची एक विशेष रक्ततपासणी बहुतेकदा हे सांगते. वाहक निघाल्याने लग्न मोडायचं कारण नाही. गरोदरपणात कोणती तपासणी कधी करायची, याची तयारी हाताशी राहते. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होईल. घरात कार्य ठरलं असेल तर हॉल बुक करण्याआधी मुलगा आणि मुलगी, दोघांचीही ही तपासणी करून घ्या.