विंगेतला माणूस

दरवर्षी ५ नोव्हेंबरला, म्हणजे मराठी रंगभूमी दिनाला, आमच्या जुन्या हौशी नाट्यमंडळाची बैठक नानांच्या ओसरीवर भरते. पूर्वी बावीसजण होतो. आता चौघे उरलोत. त्यात तीन नायक आणि एक प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टर म्हणजे अस्मादिक.

पहिल्या चहाला विष्णुदास भावे १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करतात. त्या नाटकात पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं भाषणं ऐनवेळी सुचतील तशी करायची. म्हणजे प्रॉम्प्टरची गरजच नव्हती! पुढे संवाद लिहून आले, ते नटांना पाठ होईनात, आणि आमचा जन्म झाला.

दुसऱ्या कपाला राज्य नाट्यस्पर्धा निघते. ती १९५४ साली सुरू झाली. पण या तिघांचं ऐकाल तर ती यांच्यासाठीच काढली होती. अण्णांच्या एन्ट्रीला म्हणे कडाडून टाळी पडली. पडली ना, मीही ऐकली. एन्ट्रीच्या धक्क्यानं किल्ल्याचा बुरूजही पडला होता. बापूंच्या मरणाच्या प्रवेशाला प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही खरं. मेल्यावर बापू दोनदा शिंकले होते.

मी बोलत नाही. प्रॉम्प्टरनं मोठ्यानं बोलायचं नसतं. त्याचं काम चोख झालं तर तो होता हे कुणाला कळत नाही. आवाज तिसऱ्या रांगेत गेला तर मात्र सगळा गाव त्याला ओळखतो.

यंदा नाना उठले. हल्ली त्यांना फार विसरायला होतं; रोज सकाळी वार कुठला ते वहिनी सांगतात. तरी म्हणाले, स्वगत म्हणणारच. दोन वाक्यं खणखणीत झाली आणि तिसऱ्याला नाना थांबले. अण्णा बशीत बघू लागले. वहिनी दाराआड गेल्या.

मी कप तोंडाशी नेला आणि कपामागून तीन शब्द सोडले.

नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कसलेला नट! विराम मुद्दामच घेतला होता अशा थाटात त्यांनी स्वगत शेवटाला नेलं.

“या वयात पाठांतर बघा!” बापू म्हणाले.

“बघा ना,” मी म्हणालो.

निघताना नाना फाटकापर्यंत आले. माझा हात धरून हळूच म्हणाले,

“पुढच्या वर्षीही जवळच बस हं.”